आवाज मोजता की जात मोजता?

अमरावती-अकोल्याच्या वस्तीतले पोट्टे सायट्रान्स ऐकतात, त्यात मेटलची गिटार किंचाळते, म्हणून काही सभ्य लोकांच्या पोटात दुखतं. म्हणतात, हा विलायती धांगडधिंगा तुमाले कायले पायजे? आपलं काही ऐका. 'आपलं' म्हणजे काय, तर त्यांचं!

मी वामनदादा कर्डक ऐकतो. आणि ट्रान्सच्या धावत्या ठोक्यांवर मेटलची गिटार चढवणारा इस्रायलचा स्काझीही ऐकतो. त्यासाठी कोण्या संगीतसभेची परवानगी मला नको. १९७२ साली दलित पँथरनं अमेरिकेतल्या काळ्यांकडून नाव घेतलं, तेव्हा ते काय विलायती नव्हतं?

दोस्तहो, हा आवाज कोणाच्या घरी जन्मला ते पाहा. टोनी आयोमी हा बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यातला कामगार पोरगा. सतराव्या वर्षी यंत्रानं त्याच्या दोन बोटांची टोकं तोडली. गडी थांबला नाही. बोटांना प्लॅस्टिकच्या टोप्या बसवल्या, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या ढिल्या केल्या. ब्लॅक सॅबथचा तो जड आवाज तिथून आला. मेटल म्हणजे कारखान्यानं कापलेल्या बोटांचं संगीत.

आता ट्रान्स. १९८१ साली जपानच्या रोलँड कंपनीनं टीबी-३०३ नावाचं यंत्र काढलं. ते चाललं नाही, १९८४ साली बंद पडलं, जुन्या बाजारात मातीमोल विकलं गेलं. शिकागोतल्या काळ्या पोरांनी ते उचललं, त्याची बटणं पिळली आणि १९८७ साली 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' बाहेर आलं. तो चिरका, वळवळणारा आवाजच पुढे ट्रान्समध्ये शिरला. टाकाऊ यंत्र आणि टाकलेली माणसं, दोघांनी मिळून केलेली ही करामत!

मग नव्वदीच्या दशकात हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावर त्याला 'गोवा ट्रान्स' हे लेबल लागलं. पोस्टरवर ॐ आला, शंकर आला, चमकत्या रंगातला बुद्धही आला. नाचायच्या जागेला हे लोक मंदिर म्हणतात. मंदिराचं कौतुक आमाले सांगू नका. अंबादेवीच्या दारासाठी अमरावतीत १९२७ साली सत्याग्रह उभा करावा लागला होता. आणि बुद्ध आम्ही १९५६ साली घेतला तो पडद्यावर टांगायला नाही. त्याच्या पाचव्या शिलात नशा बसत नाही. आमाले गुंगायचं नाही, शुद्धीवर यायचं आहे.

आता आवाजाचं बोलू. १४ एप्रिलला इर्विन चौकाकडं जाणाऱ्या मिरवणुकीत डीजे वाजला की लगेच कायदा आठवतो. कायदा आहेच. २००० सालच्या नियमांत वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद. मला तो मान्य आहे, कारण वस्तीतल्या आजारी म्हातारीलाही कान आहेत. पण तोच ठोका किनाऱ्यावर वाजला की त्याला पर्यटन म्हणतात, आणि तिथल्या गावकऱ्यांना झोपेसाठी हायकोर्टाची पायरी चढावी लागते. तिथं पैसा वाजतो, इथं माणूस वाजतो. म्हणून इथं टोचतं.

आणि २०१५ साली शिर्डीत? मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून एका दलित पोराला मारून टाकल्याच्या बातम्या साऱ्यांनी छापल्या. ती रिंगटोन किती डेसिबलची होती? सांगा ना! यांना आवाज खुपत नाही, नाव खुपतं.

पण पोट्टेहो, तुमच्याशीही भांडण आहे. कोणाचा तरी तयार ठोका उतरवायचा, वर भीमगीत चिकटवायचं आणि भिंतीएवढे स्पीकर भाड्यानं आणायचे, याला बंड म्हणत नाहीत. भाडं देऊन दुसऱ्याचा आवाज आणला, झालं. जे डफडं गावानं आपल्या माणसांच्या गळ्यात हुकमानं अडकवलं, ते आता आपल्या मर्जीनं वाजवा, रेकॉर्ड करा, संगणकात टाका, त्यावर गिटार फाडा. शिकागोच्या पोरांकडं जुनं यंत्र होतं, आयोमीकडं तुटकी बोटं होती. तुमची बोटं शाबूत आहेत. लागा कामाला!