व्रत, पित्त आणि संकोच

आषाढी एकादशी आली की आमच्या पंढरीत घरोघरी साबुदाण्याच्या खिचडीचा आणि दाण्याच्या आमटीचा दरवळ सुटतो. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगीच रूढ झालेली नाही. साबुदाण्याचा कंद, भुईमूग, बटाटा आणि मिरची ही सारी अमेरिका खंडातून आलेली. ज्या ऋषींनी उपवास सांगितला त्यांनी यांची नावेही ऐकली नव्हती. कीर्तनात हे सांगितले की मंडप हसतो आणि आरती होताच खिचडीकडे वळतो. त्यात आम्हीही असतो!

दिवसभर रिकाम्या पोटी चहा आणि रात्री तळकट फराळ, याचे फळ द्वादशीस मिळते. आंबट ढेकर, मळमळ, छातीत व घशाशी जळजळ. काश्यपसंहितेत आणि माधवनिदानात यास अम्लपित्त म्हटले आहे. आजचे वैद्यक सांगते की जठरातील आम्ल अन्ननलिकेत चढते, आणि भरल्या पोटी आडवे झाल्यास अधिकच चढते. एखाद्या दिवसाचे असे पित्त हलक्या आहाराने शमते. आमची तक्रार निराळीच आहे. पोटाच्या प्रत्येक दुखण्यास आपण ‘पित्त’ म्हणतो आणि त्या एका शब्दाआड नको ते दडवतो.

आमच्या कीर्तनास तबल्याची साथ करणारे एक वृद्ध स्नेही आहेत. २०१४ च्या आषाढीपूर्वी गुडघेदुखीसाठी ते वेदनाशामक गोळ्या घेत होते, तेही उपाशीपोटी. एकादशीच्या रात्री बोल अडखळू लागले, चेहरा पांढराफटक पडला. तीन दिवस शौच डांबरासारखा काळा होत होता. पण देवाच्या दारी तो विषय कसा काढावा, म्हणून ते गप्प राहिले. जठरातील व्रणातून रक्त जात होते. रक्त चढवावे लागले तेव्हा जीव वाचला. त्यांच्या शेजारी बसून पूर्वरंगात आम्ही देहाच्या नश्वरतेवर तासभर बोललो होतो, ही टोचणी अद्याप गेलेली नाही.

व्रण केवळ तिखटाने होतो, हाही भ्रमच. ऑस्ट्रेलियातील वॉरेन व मार्शल यांनी १९८२ मध्ये त्यामागील एक जंतू ओळखला आणि २००५ मध्ये त्यांस नोबेल पारितोषिक लाभले. वेदनाशामक गोळ्या हे दुसरे मोठे कारण. काळा शौच, रक्ताची उलटी, घास अडकणे, अकारण वजन उतरणे, यांपैकी काहीही दिसल्यास सोडा पिऊन स्वस्थ बसू नये. छातीतील कळ हाताकडे वा जबड्याकडे सरकत असेल आणि घाम फुटत असेल, तर ते पित्त न समजता तत्काळ इस्पितळ गाठावे. तो हृदयविकार असू शकतो.

औषधाने व्रत मोडते, असे म्हणणाऱ्यांस आमचे सांगणे एवढेच की धर्मशास्त्राने व्रतास बाधा न आणणाऱ्या आठ गोष्टी मोजल्या आहेत. त्यांत पाणी, फळे, कंदमुळे, दूध यांच्याच पंक्तीस औषध बसविले आहे. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९० मध्ये पूर्ण केलेल्या ‘धर्मसिंधू’तही हीच परंपरा आहे.

आमचे स्नेही आता एकादशीस वैद्यांनी ठरवून दिलेले औषध वेळेवर घेतात. त्यांचे औषध झाल्याशिवाय आम्ही नमनास उभे राहत नाही.