काळ्या पट्ट्यांचं काय करायचं?
सिनेमा लावला की वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतात आणि घरात कुणीतरी कुरकुरतंच: एवढा मोठा टीव्ही घेतला, अर्धा रिकामाच! (अर्धा कुठला, जेमतेम पाव.) २०२१मध्ये डिस्ने प्लसने मार्व्हलच्या काही सिनेमांतले आयमॅक्ससाठीचे प्रसंग रुंदी-उंचीच्या २.३९ या प्रमाणाऐवजी १.९० या उंच चौकटीत आणले. चित्र साधारण २६ टक्क्यांनी वाढलं, पट्ट्या नावापुरत्या उरल्या. कुरकुर थांबली असेल. मला खरी गंमत वाटते ती ‘द डार्क नाइट’च्या ब्लू-रेची. सुरुवातीच्या, आयमॅक्सवर चित्रित केलेल्या दरोड्याला पडदा काठोकाठ भरतो, पुढे साध्या प्रसंगांत पट्ट्या परत येतात. आयमॅक्स थिएटरात ही वाढ मान वर करायला लावते. घरी नुसती पट्टी पुसली जाते, इमारती काही उंच होत नाहीत. शिवाय आयमॅक्स फिल्मची मूळ चौकट १.४३, जवळपास चौकोनी, टीव्हीच्या १.७८मध्ये बसवताना तिलाही वरून-खालून कात्री लागतेच. तरीही दिग्दर्शकाने ठरवलेली कात्री मला चालते. रिमोटवरचं झूम दाबून पट्ट्या घालवणाऱ्यांशी मात्र माझं भांडण आहे. कडेला उभा असलेला खलनायक त्यांना कधी दिसतच नाही.