वाजवेल त्याची मालकी

जॅझ बासरीवादक जेम्स न्यूटन यांनी ‘क्वायर’ ही रचना 1981 मध्ये ध्वनिमुद्रित केली. अकरा वर्षांनी बीस्टी बॉइज या हिप-हॉप गटाने तिचा सहा सेकंदांचा तुकडा उचलून आपल्या गाण्यात पुन्हा पुन्हा फिरवला. याला चोरीही म्हणता येत नाही. ध्वनिमुद्रणाची मालकी ज्या ईसीएम कंपनीकडे होती, तिला 1000 डॉलर मोजून गटाने रीतसर परवाना घेतला होता. न्यूटन यांच्याकडे उरला होता तो फक्त रचनेचा हक्क, आणि त्यासाठी त्यांना कोणी विचारले नाही. ते न्यायालयात गेले आणि हरले. एवढ्याशा तीन स्वरांच्या उचलीने रचनेचा हक्कभंग होत नाही, असे अपील न्यायालयाने 2003 मध्ये ठरवले. बासरी फुंकता फुंकता त्याच श्वासात गाण्याची न्यूटन यांची करामत हीच त्या तुकड्याची खरी किंमत होती. पण ती स्वरलिपीत मावत नाही आणि ध्वनिमुद्रण तर दुसऱ्याचे.

जॅझ आणि हिप-हॉप एकत्र आणणाऱ्या छोट्या, स्वतंत्र लेबलांबद्दल बोलताना चर्चा बहुतेकदा अभिरुचीची होते. माझ्या मते अशा लेबलाचा पहिला प्रश्न कराराचा आहे. इतर संगीतात ध्वनिमुद्रण हा शेवटचा माल असतो. इथे तोच उद्या दुसऱ्या कोणाचा कच्चा माल होतो. म्हणून ज्याच्याकडे मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी, त्याची कमाई दोनदा. ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व कुठे लागू व्हायला हवे असेल, तर ते इथे.

मोठ्या कंपन्यांना हे फार आधी कळले. 1991 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने बिझ मार्की या रॅपरविरुद्ध निकाल दिला आणि विनापरवाना सॅम्पल, म्हणजे दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातून उचललेला तुकडा, वापरणे परवडेनासे झाले. दोनच वर्षांनी अस-थ्री या लंडनच्या गटाने ब्लू नोट या जॅझ लेबलच्या तबकड्यांमधून एक अख्खा अल्बम उभा केला, कारण खुद्द ब्लू नोटनेच त्यांना आपले भांडार खुले करून दिले होते. त्यातले गाजलेले गाणे हर्बी हँकॉक यांच्या 1964 च्या ध्वनिमुद्रणावर उभे आहे. हँकॉक रचनाकार, त्यामुळे त्यांचा वाटा शाबूत. पण त्याच ध्वनिमुद्रणात बेस वाजवणारे रॉन कार्टर आणि ड्रमवरचे टोनी विल्यम्स यांना रचनेच्या हक्कात काही नाही. हिप-हॉपला जॅझकडून मुख्यतः हवे असते ते नेमके बेस आणि ड्रम!

छोट्या लेबलाकडे असे भांडार नसते. मग त्याने करायचे काय? शिकागोच्या इंटरनॅशनल अँथम या लेबलने 2015 मध्ये ड्रमवादक मकाया मॅक्रेव्हन यांचा ‘इन द मोमेंट’ काढला. एका छोट्या ठिकाणी वर्षभर होत राहिलेल्या उत्स्फूर्त मैफली ध्वनिमुद्रित केल्या गेल्या आणि त्या कित्येक तासांच्या वादनातून मॅक्रेव्हन यांनी हिप-हॉपच्या पद्धतीने तुकडे कापले, फिरवले, जोडले. म्हणजे सॅम्पल आपलेच, आपल्या साथीदारांचे. ‘जुन्या तबकड्यांची खरखर गेली की हिप-हॉपचा प्राण गेला’ अशी तक्रार यावर ऐकू येते. मला ती पटत नाही. तो प्राण कापण्या-जोडण्याच्या कारागिरीत आहे. तबकडी कोणाच्या कपाटातून आली, यात नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मालकी वादकांना दिली तर लेबल जगेल कशावर? 1971 मध्ये चार्ल्स टॉलिव्हर आणि स्टॅनली कॉवेल या जॅझवादकांनी सुरू केलेल्या स्ट्राटा-ईस्टचे उदाहरण इथे हमखास दिले जाते. तिथे मालकी कलाकाराची, पण ध्वनिमुद्रणाचा खर्चही त्याचाच. उत्तम संगीत निघाले, गिल स्कॉट-हेरन यांचा ‘विंटर इन अमेरिका’ तिथलाच; पण दशक संपता संपता कामाचा ओघ आटला. यातून मी काढतो तो निष्कर्ष वेगळा आहे. खर्च लेबलने उचलावा, विक्रीतून तो आधी वसूल करावा, नफा वाटून घ्यावा आणि मास्टर ठरावीक वर्षांनी वादकांकडे परत जावा. विक्रीही आता पूर्वीइतकी अवघड नाही. बँडकॅम्प हे संगीतविक्रीचे संकेतस्थळ डिजिटल विक्रीतले साधारण 15 टक्के ठेवून घेते. स्पॉटिफाय मात्र 2024 पासून वर्षाला 1000 पेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला छदामही देत नाही. थोड्या पण पैसे मोजणाऱ्या श्रोत्यांवर उभे राहायचे असेल, तर विनाइल आणि थेट विक्री हाच आधार.

आपण हे परके म्हणून सोडून देऊ नये. 2007 मध्ये कॅलिफोर्नियाच्या स्टोन्स थ्रो या स्वतंत्र लेबलने हिप-हॉप निर्माते मॅडलिब यांचा हिंदी चित्रपटसंगीताच्या तुकड्यांवर बेतलेला अल्बम काढला. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याचे जॅझ वाजवणारे कितीतरी वादक बसत, आणि तबकडीवर त्यांची नावे क्वचितच येत. असे वादन जगात कुठेही सॅम्पल झाले, तरी पैसा कंपनीच्या दारापर्यंत येऊन थांबतो.

म्हणून मुंबईत किंवा पुण्यात असे लेबल काढू पाहणाऱ्याने पहिल्या अल्बमचे मुखपृष्ठ ठरवण्याआधी करारात एक कलम घालावे: या ध्वनिमुद्रणाचा तुकडा आमच्याच रॅपरने वापरला किंवा बाहेरच्या कोणी विकत घेतला, तर त्यात वाजवणाऱ्या प्रत्येकाला, ड्रमवाल्यालाही, ठरलेला वाटा मिळेल.