पोलिस घरी येतात, समुपदेशक का नाही?

- विशेष प्रतिनिधी

बदलापूर येथील एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर झालेल्या अत्याचाराचे प्रकरण ऑगस्ट २०२४ मध्ये उघडकीस आले आणि संतप्त नागरिकांनी तेथील रेल्वे वाहतूक तासन् तास रोखून धरली. पुढच्याच महिन्यात आरोपी पोलिसांच्या गोळीने ठार झाला. शाळांतील सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, चकमकीची वैधता अशा मुद्द्यांवर पुष्कळ चर्चा झाली. मात्र, अशा प्रसंगातून गेलेल्या मुलांच्या मनावर उपचार कोणी करायचे, किती काळ करायचे आणि ते त्यांच्यापर्यंत पोहोचवायचे कसे, हा प्रश्न नेहमीप्रमाणे मागे राहिला.

हा प्रश्न मूठभर मुलांचा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात बालकांविरुद्धचे १ लाख ६२ हजार ४४९ गुन्हे नोंदविले गेले. न नोंदविलेल्या घटनांचा अंदाज केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीतून येतो. त्या पाहणीतील ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे लैंगिक शोषण सोसल्याचे सांगितले होते आणि त्यांत मुलग्यांची संख्या निम्म्याहून किंचित अधिक होती.

कायद्याची दूरदृष्टी

१४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आलेल्या 'पोक्सो' कायद्याने तपासाच्या बाबतीत एक महत्त्वाचे तत्त्व स्वीकारले. मुलाला पोलिस ठाण्यात बोलवायचे नाही. त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी जाऊन, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता जबाब नोंदवायचा. घटनेची माहिती २४ तासांच्या आत बालकल्याण समितीला कळवायची. मुलाला वारंवार न्यायालयात बोलवायचे नाही. थोडक्यात, यंत्रणेनेच मुलाकडे गेले पाहिजे, हे कायद्याने मान्य केले.

उपचारांच्या बाबतीत मात्र हे तत्त्व उलटे होते. मुलानेच रुग्णालय गाठावे, रांगेत उभे राहावे, पुढची तारीख घ्यावी, अशी अपेक्षा असते. झोप उडणे, अंथरूण ओले करणे, अकारण चिडणे, अभ्यासात मागे पडणे, ठरावीक रस्ता किंवा माणूस टाळणे ही आघाताची लक्षणे पालकांना हट्टीपणा वाटतात. त्यामुळे मूल आपणहून उपचार मागणार नाही आणि पालकही त्याच्यासाठी ते मागतील याची खात्री नाही. मराठीसह अनेक भाषांत सेवा देणारी 'टेली-मानस' ही १४४१६ क्रमांकाची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे; पण भेदरलेले आठ वर्षांचे मूल तो क्रमांक फिरवील, अशी आशा करणे भाबडेपणाचे ठरेल.

बुडणाऱ्या रोजंदारीचे गणित

आघातग्रस्त मुलांसाठी जगभर प्रचलित असलेल्या उपचारपद्धतीत साधारणतः आठवड्याला एक याप्रमाणे १२ ते १६ बैठका होतात आणि त्यांत पालकांचाही सहभाग लागतो. गोवंडी वा मानखुर्दच्या वस्तीत राहून घरकाम करणाऱ्या आईसाठी याचा अर्थ तितक्या दिवसांची मजुरी बुडणे असा होतो. भामरागड किंवा धडगावच्या पाड्यावरील कुटुंबाला तर जिल्ह्याचे ठिकाण गाठण्यातच दिवस जातो. देशात लाख लोकसंख्येमागे सरासरी एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. अशा स्थितीत दोन-तीन बैठकांनंतर उपचार सुटले, तर दोष पालकांना देता येणार नाही.

राज्य शासनाने २०१३ मध्ये 'मनोधैर्य' योजना सुरू केली. अर्थसाह्याची कमाल मर्यादा पुढे १० लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली आणि अंमलबजावणी विधी सेवा प्राधिकरणाकडे देण्यात आली. ही मदत आवश्यकच आहे. परंतु रक्कम मंजूर झाली की प्रकरण निकाली निघाले, असे समजण्याचा धोका त्यात आहे. योजनेच्या नावातील धैर्य बँकेतील मुदत ठेवीतून येत नाही.

दुवा आहे, पण दुबळा

मुलाचा हात धरून त्याला तपास आणि खटल्यातून पार नेणारी 'सहायक व्यक्ती' ही तरतूद २०२० च्या नियमांत सविस्तर करण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात याच तरतुदीवर बोट ठेवले. आरोपीला पकडणे वा शिक्षा करणे एवढ्याने न्याय पूर्ण होत नाही. पीडित बालकाला मिळणारा आधार, काळजी आणि सुरक्षितता हाही न्यायाचाच भाग आहे, असा त्या निकालाचा आशय होता. सहायक व्यक्तीची गरज आहे की नाही, हे केवळ पालकांच्या मर्जीवर सोडू नये, असेही न्यायालयाने सुचविले. मात्र, नियमांनी या व्यक्तीचे मानधन कुशल कामगाराच्या किमान वेतनाशी जोडले आहे. एवढ्या नाजूक कामासाठी प्रशिक्षित आणि टिकून राहणारी माणसे या मोबदल्यात कशी मिळणार?

घरापर्यंत जाण्यातही अडचणी आहेत. बहुतांश प्रकरणांत आरोपी ओळखीचा, कधी घरातलाच असतो. सरकारी जीप दारात उभी राहिली की वाडीभर कुजबूज सुरू होते आणि कायद्याने जपलेली गुप्तता धुळीस मिळते. म्हणूनच भेटीची जागा शाळा, अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा किशोरवयीनांसाठीचे 'मैत्री' क्लिनिक अशी, चारचौघांत खटकणार नाही अशी हवी. शिक्षक आणि आशा कार्यकर्तीला लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण हवे. बंगळुरूच्या 'निम्हान्स'मध्ये २०२० मध्ये सुरू झालेला 'संवाद' हा उपक्रम अशाच प्रशिक्षणासाठी आहे. त्याचा लाभ तालुक्यापर्यंत नेता येईल.

समुपदेशनात मूल 'पढविले' जाईल आणि खटला कमकुवत होईल, अशीही धास्ती असते. ब्रिटनमध्येही हा वाद होता. तथापि इंग्लंड व वेल्सच्या अभियोग यंत्रणेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत खटल्यासाठी उपचार लांबवू नयेत, असे स्पष्ट केले. आपल्याकडे खटला एका वर्षात शक्यतो निकाली काढावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात अनेक खटले त्याहून कितीतरी रेंगाळतात. तोवर उपचार थांबविणे म्हणजे बालपणाचाच एक तुकडा कापून टाकणे होय.

उपाय फार खर्चिक नाही. पोलिसांकडून २४ तासांत येणारी सूचना बालकल्याण समितीकडे येतेच. त्याच सूचनेवर समुपदेशकाची पहिली भेट ठरावीक दिवसांत बंधनकारक करावी, पुढील भेटींचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी 'मनोधैर्य'मधून द्यावी, आणि निकालानंतरही किमान वर्षभर पाठपुरावा ठेवावा. जबाब घेण्यासाठी जी यंत्रणा मुलाच्या दारापर्यंत जाऊ शकते, तिला त्याला सावरण्यासाठी जाणे अशक्य नाही. फक्त शासनाने ते आपले कर्तव्य मानायला हवे.