सातबाऱ्यावर पोटखराब, पण मुक्कामाला भोवत्या



आठवडाभर पानावर काही टाकलं नाही म्हणून दोघा-तिघांचे फोन आले, तब्येत बरी आहे का म्हणून. तब्येत बरी आहे. मी पक्षी मोजत होतो. हसू नका, आधी वाचा.

5 ते 12 नोव्हेंबर हा आठवडा आपल्या राज्यात 2020 पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. 5 तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 तारखेला सलीम अलींचा. चितमपल्ली तर आपल्या सोलापूरचेच. आमच्या हायस्कूलचे सर पोरांना घेऊन तळ्यावर मोजायला निघाले होते. वाटेत मला म्हणाले, "मामा, तुम्ही तुमच्या रानातच मोजा. सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा मिनिटं. दिसला तेवढाच लिहायचा. नाही दिसला तर नाही म्हणून लिहायचं." मी म्हटलं, रानात काय असतंय, चिमण्या-कावळे. तरी खिशातली डायरी घेऊन बसलो.

सकाळचं आधी सांगतो. आमची मालदांडी सप्टेंबरच्या शेवटाला पेरलेली, आता गुडघ्याला लागलीय. पलीकडं हरभरा. पहिल्याच सकाळी कोतवाल 6, वेडे राघू 14, खाटीक 1, टिटवी 2, परीट 5. परीट पक्षी म्हणजे शेपटी हलवत ढेकळातून पळतो तो. पाऊस सरला की येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला जातो, एवढं आमच्या आईलाही माहीत होतं. नीळकंठ एकच, तोही विजेच्या तारेवर. तिसऱ्या दिवशी भोरड्यांचा थवा उतरला, मोजताच आला नाही. दहा-दहाचे गट धरून 300 लिहिले.

भोरडी म्हटलं की आपला हात गोफणीकडं जातो. जायलाच पाहिजे. जानेवारीत कणीस चिकात आलं की हाच थवा तासाभरात रान धुऊन नेतो आणि तेव्हा पाखरं राखायला माणूस मिळत नाही. पण नोव्हेंबरात कणीस कुठं आहे? मी बांधावर बसून नीट बघितलं. थवा जमिनीवर उतरून पुढं पुढं सरकत होता आणि नाकतोडे टिपत होता. म्हणजे ज्या महिन्यात पाखरू पिकाचं काही खात नाही, त्या महिन्यातही आपण फटाके लावून हाकलतो. मीही लावत होतो.

कोतवालांचं तर गणित सरळ आहे. हरभरा पेरताना मी ओळीत मधूनमधून मूठभर ज्वारी टाकतो. ती वर आली की कोतवाल, साळुंक्या तिच्यावर बसून घाटेअळी वेचतात. ज्वारी नसेल तर काठ्या रोवून पक्षी थांबे करायचे. कृषी खात्याची माणसं वर्षानुवर्षं हेच सांगतात. कोतवाल तारेवर बसतोच, पण तार रानाच्या मधोमध नसते.

तित्तिर मात्र आठवडाभरात फक्त दोन वेळा ऐकला, दिसला एकदाही नाही. तो मी शून्य लिहिला आणि लिहिताना लाज वाटली. पाच-सहा वर्षांपूर्वी पेरणीच्या दिवशी औषध चोळलेलं बी तासाच्या तोंडाला, पाभर वळवताना सांडलं होतं. लाल रंगाचं बी, मातीवर उघडं. चिमूटभर बियाण्यासाठी कोण वाकतंय म्हणून तसंच सोडलं. दुसऱ्या दिवशी बांधाच्या कडेला तीन तित्तिर मरून पडलेले. कुणाला बोललो नाही. तेव्हापासून सांडलेलं बी फावड्यानं मातीआड करतो, पण तो आवाज काही पहिल्यासारखा भरून आला नाही. तुम्ही ज्वारी, गहू, हरभरा काहीही पेरा, वळणाला सांडलेलं बी झाका. दोन मिनिटांचं काम आहे.

आता मुद्द्याचं बोलतो.

आमच्या वरच्या अंगाला माळ आहे. माझा 5 एकर, थोरले बंधू तात्या यांचा 4 एकर, एकाच गटात. सातबाऱ्यावर ती जमीन पोटखराब. वर नुसता मुरूम, खाली तालीच्या पोटाला कुसळी, पवना आणि मारवेल. दरसाल मार्गशीर्षात गवत कापायचं, जनावरांना घालायचं, एवढाच त्याचा उपयोग. चार महिन्यांपासून त्या माळाला भाव आलाय. सौर कृषी वाहिनी योजनेत सबस्टेशनच्या जवळची जमीन भाड्यानं घेतात, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये. माझ्या 5 एकरांचे अडीच लाख घरबसल्या. कोरडवाहू ज्वारीला एवढे कधी सुटलेत का, तुम्हीच सांगा. मधला माणूस येऊन माळ बघून गेला. त्यानं कागदावर लिहिलं, "पडीक, झाडी नाही, काही नाही."

मीही तसंच म्हटलो असतो. पण सरांनी संध्याकाळीही मोजायला सांगितलं होतं.

5 तारखेला साडेपाचला मी माळाच्या ताळीवर जाऊन बसलो. पावणेसहाच्या पुढं सूर्य गेला. तेवढ्यात ज्वारीवरून एक पाखरू आलं, ससाण्यासारखं पण बारीक, लांब पंखांचं, पंख वर धरून तरंगत. आमच्याकडं त्याला सरसकट ससाणाच म्हणतात. पाठीवर शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. माळावर दोन घिरट्या घेतल्या आणि गवतात उतरलं. वाटलं उंदीर धरला. पण ते परत उडालं नाही. मग दुसरं आलं, तिसरं आलं. अंधार पडेपर्यंत 7 उतरले आणि एकही वर आला नाही.

सरांना फोन केला. ते म्हणाले हे भोवत्या पक्षी. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोटो काढून एक राखाडी नर मोंटेग्यूचा भोवत्या म्हणून ओळखला. माद्या आणि पिल्लं तपकिरी, त्यांच्यात फरक करणं अवघड, म्हणून आम्ही वहीत सरसकट भोवत्या एवढंच लिहिलं. हे पक्षी हिवाळ्यात मध्य आशियाकडून येतात आणि मार्च-एप्रिलला परत जातात. दिवसभर शेतावरून, माळावरून खाली खाली उडत नाकतोडे, उंदीर, लहान पाखरं धरतात. आणि रात्री झाडावर बसत नाहीत. उंच गवतात जमिनीवर झोपतात, सगळे एकत्र.

हे कळल्यावर माझी झोप उडाली. पन्नाशी उलटून गेली, त्याच माळावर गुरं राखली, गवत कापलं. सूर्य बुडायच्या आत मात्र रोज घरी. संध्याकाळच्या त्या वीस मिनिटांत माळावर काय चालतं ते बघितलंच नव्हतं. दरसाल मार्गशीर्षात कोयता घेऊन आपण नेमकं त्यांचं अंथरूण कापून आणत होतो.

6 तारखेला 9, 7 ला 9, 8 ला 4 (त्या दिवशी गावातली कुत्री माळावर हिंडत होती), 9 ला 10, 10 ला आणि 11 ला 11. सगळे दररोज एकाच जागी उतरले, तालीच्या पोटाला, जिथं गवत मांडीला लागतं. अंदाजे दीड एकर. वरच्या मुरमावर आठवड्यात एकही बसला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की मोजणी तळ्यावर होते, उजनीवर होते, नान्नजच्या अभयारण्यात होते. ती व्हावी. रोहित बघायला पुण्या-मुंबईची गाडी भिगवणला येते, चांगली गोष्ट आहे. पण आपल्या जिल्ह्यातला कितीतरी माळ खाजगी सातबाऱ्यावर आहे, पोटखराब म्हणून. तिथं कुणी संध्याकाळी जाऊन बसत नाही. मग जेसीबी लागतो, माळ सपाट होतो, आणि कागदावर काही नव्हतंच म्हणून काही गेलंही नाही. माळढोकासाठी नान्नजला 1979 साली अभयारण्य झालं. आज माळढोक दिसणं किती अवघड झालंय ते त्या पट्ट्यातल्या माणसाला विचारा. तो पक्षीही माळाचाच होता.

सोलरला माझा विरोध नाही. रात्री दोनला पाण्याच्या पाळीला उठून, हातात बॅटरी घेऊन सरीतून चाललेला माणूस दिवसाच्या विजेला विरोध कसा करेल? आमच्याच भावकीत एकाला रात्री दारं धरताना पान लागलंय. दिवसा लाईट पाहिजेच. पण पॅनल कुठं टाकायचं हे ठरवायच्या आधी निदान एका हिवाळ्यातल्या आठ संध्याकाळी त्या जागेवर बसून मोजा आणि तो आकडा जमिनीच्या कागदाला जोडा. कृषी सहायक, शाळेचे सर, शेतकरी, कुणीही करू शकतं. दुर्बीण नसली तरी चालते. माझ्याकडं नव्हती.

मुलगा म्हणतो, "आण्णा, अकरा पाखरांसाठी अडीच लाख सोडायचं?" त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. सोसायटीचं कर्ज त्यालाच फेडायचंय, आणि त्याच्या पोरीची फी भोवत्या भरणार नाहीत. पण मोजलं म्हणून एक गोष्ट हातात आली, की सगळा माळ अडवायची गरज नाही. वरचा साडेतीन एकर मुरूम माझा, त्याला लागून तात्यांचाही मुरूमच आहे. तेवढा द्यायला माझी तयारी आहे. खालचा दीड एकर नाही. त्याचे वर्षाला पाऊण लाख जातील, तो आकडा मी मुलासमोर कागदावर लिहून दाखवला, लपवला नाही. आणि वरची जमीन देतानाही दोन अटी घालणार, रात्री दिव्यांचा झोत गवताकडं नको आणि राखणदाराची कुत्री मोकळी नकोत. जमिनीवर झोपणारं पाखरू कुत्र्यापुढं टिकत नाही, 8 तारखेला बघितलंच. मधल्या माणसाला फोनवर सांगितलं तर तो हसला. म्हणाला, सगळा तुकडा असेल तर बोला.

यंदा गवतही खालच्या पट्ट्यातलं कापणार नाही. भोवत्या मार्च-एप्रिलला गेल्यावर कापू. तोवर ते वाळून कडक होईल, म्हशी नाक मुरडतील. घरच्यांनी आत्तापासूनच कडब्याचा हिशोब विचारायला सुरुवात केलीय.

12 तारखेला, शेवटच्या दिवशी, मुलगा न सांगता माळावर आला आणि शेजारी बसला. मोबाईल खिशातच होता. मी 11 मोजले, तो म्हणाला 13. ओढ्याच्या बाजूनं दोन उशिरा आले म्हणे, माझी नजर अंधारात चालत नाही. घरी येईपर्यंत आमचा त्यावरच वाद. शेवटी वहीत 13 लिहिले, पुढं कंसात त्याचं नाव.

सोमवारी मधला माणूस परत येतोय. त्याला साडेपाचची वेळ दिलीय, घरी नाही, माळावर. ज्यांच्याकडं गवताचा माळ आहे त्यांनी या आठवड्यात एक संध्याकाळ बसा आणि आकडा मला कळवा. शून्य आला तरी कळवा.