मुहूर्त कोण ठरवतं?

मराठी लग्नात पूर्वी घटिकापात्र ठेवत. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटं झाली. इथे हैदराबादला तेलुगू लग्नात मुहूर्त मध्यरात्रीचा असला तरी वधूवर त्याच वेळी एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवतात.

आम्हा ख्रिस्ती लोकांना मुहूर्त नसतो असं मैत्रिणी म्हणतात. असतो की, सरकारी! १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्यातलं कलम १० म्हणतं, लग्न सकाळी ६ ते संध्याकाळी ७ मध्येच लागलं पाहिजे. त्याबाहेर लावायचं तर कॅथलिक धर्मगुरूंना बिशपांचा परवाना हवा.

म्हणजे हातात चांगले १३ तास. तरी मिस्सा ४ला आणि जेवण ९ला! मधला सगळा वेळ फोटोंचा. नवरानवरी टँक बंडवर, आणि जालन्याहून रात्रभर गाडीत बसून आलेली आजी हॉलमध्ये एका समोशावर. तिची शुगरची गोळी जेवणाच्या वेळेवर असते, ते कुणाच्या लक्षातही नसतं.

फोटो मलाही हवेत. पण घरच्यांचे मिस्साआधी उरकता येतात, दोघांचे नंतर तासाभरात होतात. सध्या ताईच्या लग्नाचं वेळापत्रक ठरतंय. मी म्हटलं, आधी जेवणाची वेळ लिही, साडेसात, आणि तिथून मागे मागे ये.

ताई म्हणाली, "थांब, फोटोग्राफरला विचारते."