श्वासाच्या व्यायामाने बीपी उतरतं, मग गोळी बंद करायची का?

पुणतांबा म्हटलं की दोन गोष्टी आठवतात: २०१७चा शेतकरी संप आणि चांगदेव महाराजांची समाधी. योगबळावर चांगदेव १४०० वर्षं जगले, अशी आख्यायिका आहे. प्राण ताब्यात ठेवला की आयुष्य वाढतं, ही समजूत आपल्याकडे इतकी जुनी आहे. आज ती रील्समधून नव्याने फिरतेय: 'रोज पाच मिनिटं प्राणायाम करा, बीपीची गोळी कायमची सोडा.' यात खरं किती?

श्वासाने बीपी का उतरतं?

एरवी आपण मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. हा वेग सहावर आणला की मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्यांमधली दाब ओळखणारी यंत्रणा जास्त तत्पर होते. हृदयाचे ठोके आणि रक्तवाहिन्यांवरचा ताण कमी व्हायला मदत होते. २००५च्या एका अभ्यासात उच्च रक्तदाबाच्या २० रुग्णांनी असा श्वास घेतला, तेव्हा वरचं बीपी सरासरी १५० वरून १४१ वर आलं. म्हणजे दावा हवेतला नाही.

मग रीलमध्ये गडबड कुठे आहे?

वेळेच्या हिशेबात. रीलमध्ये व्यायामाआधी आणि लगेच नंतर बीपी मोजतात. नुसतं पाच मिनिटं शांत बसलं तरी आकडा थोडा उतरतो. पण जिना चढताना, भांडताना, पहाटे झोपेतून उठताना काय? गोळीचं काम चोवीस तास चालतं. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ मध्ये उपकरणाच्या मदतीने केलेल्या संथ श्वसनाला औषधाची जोड म्हणून जागा दिली, पर्याय म्हणून नाही.

गोळी सोडली तर?

बहुतेकांना लगेच काहीच जाणवत नाही आणि धोका तिथेच आहे. बीपी आतून वाढत राहतं आणि एक दिवस थेट पक्षाघात किंवा हार्ट अटॅक येतो. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशातल्या ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. त्यामुळे अशी रील चुकीच्या घरात पोहोचण्याची शक्यता मोठी आहे.

करायचं कसं?

ताठ पण सैल बसा. चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर. रोज १० ते १५ मिनिटं. श्वास रोखून धरू नका. बीपी जास्त असेल तर कपालभाती आणि भस्त्रिका टाळा. चक्कर आली तर थांबा.

गोळी चालू ठेवा. रोज ठरावीक वेळी बीपी मोजून वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. आकडे सातत्याने उतरलेले दिसले तर डोस कमी करायचा की नाही, हे डॉक्टर ठरवतील. सरकारी आरोग्य केंद्रात बीपी मोफत मोजून मिळतं.